१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी संख्येची कागदावर कसून तपासणी

चौकटीची वही घ्या आणि एका चौकटीत एक अंक असं करत ही संख्या लिहा : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचं. सतरा चौकटी भरल्या पाहिजेत. सोळा किंवा अठरा भरल्या असतील तर कुठेतरी अंक सुटला किंवा दोनदा पडला. इथली चूक पुढच्या प्रत्येक पायरीत शिरते, म्हणून ही मोजणी सगळ्यात आधी.

मोठी संख्या समोर आली की तिला कोणकोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि उत्तरं कागद-पेन्सिलीने कशी काढायची, ते या एका संख्येवर करून पाहू. सातवी-आठवीचं गणित पुरतं, फक्त एके ठिकाणी थोडं थांबून विचार करावा लागेल. क्रमाला मी फार महत्त्व देतो. योग्य क्रमाने गेलं तर प्रत्येक उत्तर पुढचं काम हलकं करतं. क्रम चुकला तर हजारो भागाकार वाट्याला येतात.

वाचन

उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम द्या : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. व्यवहारातली नावं कोटीपाशी थांबतात, त्यामुळे वाचताना कोटी दोनदा म्हणावं लागतं : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र प्रत्येक घराला वेगळं नाव आहे : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. उजवीकडून बोट ठेवत मोजलं तर आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ नावाच्या घरात बसतो.

संख्या उलटी वाचा, तीच येते. ‘रामाला भाला मारा’सारखी ती विलोम आहे. सम अंकी विलोम संख्येला ११ ने नेहमी निःशेष भाग जातो (१२२१, ४५५४ घेऊन पाहा). आपली संख्या विषम अंकी आहे, म्हणून ती सूट इथे मिळत नाही. ११ ची कसोटी वेगळी लावावी लागेल.

यंत्रावर विसंबण्याआधी

ही संख्या स्प्रेडशीटच्या एका खणात टाका आणि खण रुंद करून पूर्ण संख्या पाहा. बहुधा १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं. स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच संख्या धरून ठेवतं, पुढचे अंक शून्य करतं आणि तसं सांगतही नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने नऊ एकांची संख्या, म्हणजे १११११११११, स्वतःशीच गुणून पाहिली तर शेवट ३२१ ऐवजी ३२० येतो. कारण साधं आहे : दोनाचा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, याच्या पुढे त्या साठवणपद्धतीत प्रत्येक पूर्णांक मावत नाही आणि लगेच पुढच्या टप्प्यात फक्त सम संख्या उरतात. आपली संख्या त्या टप्प्यात आहे आणि विषम आहे. पायथॉनमध्ये मात्र पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो. म्हणून पडताळायचंच असेल तर पायथॉन वापरा. विभाज्यता तपासताना शेवटचा एक अंक चुकला तरी सगळं वाया जातं.

चटकन होणाऱ्या कसोट्या

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद.

अंकांची बेरीज : १ ते ८ ची बेरीज ३६, ती दोनदा म्हणजे ७२, आणि मधला ९ मिळवून ८१. संख्येला ९ ने भाग जातो. भाग देऊन टाका : १३७१७४२१०९७३९३६९. याच्या अंकांची बेरीज ७२, म्हणजे पुन्हा ९. पुन्हा भागा : १५२४१५७८९९७१०४१. आता बेरीज ६४, जिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयव बरोबर चार वेळा आहे, त्याहून जास्त नाही.

इथे एक चूक फार जण करतात. बेरीज ८१ आली म्हणजे संख्येला ८१ ने भाग जातोच, असं धरून चालतात. नियम फक्त ३ आणि ९ पुरता आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे आपण दोनदा भागाकार करून मिळवलं, बेरजेवरून गृहीत धरलं नाही.

११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजा : ४१ आणि ४०. फरक १, म्हणून ११ बाद.

७ आणि १३ साठी तीन-तीन अंकांचे गट पाडा : १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१. उजवीकडून एकदा अधिक, एकदा वजा : ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. सातने भागून बाकी १, तेराने भागून बाकी १०. दोन्ही बाद. (७ × ११ × १३ = १००१, म्हणून ही युक्ती चालते.)

आता तेच गट सरळ मिळवा : ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. आणि २९९७ म्हणजे ३ × ९९९. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ३७ हा आणखी एक अवयव हाती आला. गटांची ही बेरीज शाळेत क्वचित शिकवतात, पण मोठ्या संख्येवर ती फार उपयोगी पडते.

वर्ग आहे का?

पुढचे अवयव शोधत बसण्याआधी हा प्रश्न विचारायचा. उत्तर ‘हो’ आलं तर सतरा अंकांचं काम नऊ अंकांवर येतं.

आधी चाळण्या. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७, ८ नसतो; इथे १ आहे. विषम वर्गाला ८ ने भागून बाकी १ राहते. शेवटचे तीन अंक ३२१, बाकी १. वर्गाच्या अंकांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करत गेलं तर १, ४, ७ किंवा ९ येतात. इथे ८१, म्हणजे ९. तिन्ही चाळण्यांतून संख्या पार पडली. यावरून ती वर्ग आहे असं सिद्ध होत नाही, पण वर्गमूळ काढून पाहणं योग्य ठरतं.

भागाकार पद्धतीने काढू. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या : १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. पहिल्या १ चं मूळ १, बाकी शून्य. मग दर वेळी पुढची जोडी खाली उतरवायची, आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट करून तिच्यापुढे एक अंक ठेवायचा आणि त्याच अंकाने गुणायचं.

२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

प्रत्येक पायरीला मुळात १ च बसतो. वर्गमूळ १११११११११. मी पहिल्यांदा हे कोऱ्या कागदावर केलं तेव्हा पाचव्या जोडीला अंक डावीकडे सरकले आणि सगळं पुन्हा करावं लागलं, म्हणून चौकटीच्या वहीचा आग्रह. शेवटची वजाबाकी शून्यावर आली की हातातली पेन्सिल आपोआप खाली ठेवली जाते, इतकं ते सुंदर दिसतं.

असं का होतं ते १११ × १११ मांडून कळतं. १११ तीनदा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून लिहा. पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्या स्तंभात तीन, पुढे दोन, एक. बेरीज १२३२१. नऊ एकांची संख्या घेतली की मधल्या स्तंभात नऊ १ येतात आणि हातचा घ्यावा लागत नाही. दहा एकांची घेतली तर मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणून आपली संख्या या कुटुंबातली शेवटची अखंड शिडी आहे.

हे कुटुंब म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या डेम्लो संख्या. कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिक्षक होते, आणि ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. डेम्लो हे नाव त्यांनी मुंबईपासून तीस मैलांवरच्या, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या स्टेशनवरून ठेवलं. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली होती. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. त्यांची व्याख्या अशी : संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडावेत, मधल्या भागात एकच अंक असावा किंवा तोच पुन्हा पुन्हा यावा, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीज केली तर त्याच अंकाची रांग यावी. आपल्या संख्येवर लावून पाहा : १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. डावा अधिक उजवा = ९९९९९९९९. मध्ये ९. चोख बसते.

पूर्ण अवयव

सरळ भागत सुटलो असतो तर सतरा अंकी संख्येसाठी अकरा कोटींपर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. वर्गमूळ काढल्यावर १११११११११ साठी १०५४० पर्यंतच्या पुरतात. तेही टाळता येतं. नऊ एकांचे तीन गट पाडा :

१११ १११ १११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भागा : ३३३६६७. आता प्रश्न एवढाच उरला की ३३३६६७ मूळ आहे का.

याचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे (५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४). ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार करायचे का? इथे थांबून विचार करू.

समजा ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. तिला ‘प’ म्हणू. मग ‘प’ने १११११११११ लाही भाग जाईल आणि त्याच्या नऊपट ९९९९९९९९९ लाही. म्हणजे दहाच्या नवव्या घाताला ‘प’ने भागून बाकी १ राहील. याचा अर्थ १ ला ‘प’ने भागत गेलं तर दशांशात नऊ अंकांनंतर तेच अंक पुन्हा सुरू होतील. आवर्तन नऊचं, किंवा नऊला भाग जाईल अशा तीन वा एक अंकाचं. तीन किंवा एक असेल तर ‘प’ने ९९९ लाच भाग जायला हवा, म्हणजे ‘प’ ३ किंवा ३७ हवा. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, ३ गेला. ३७ ने भागून बाकी १ उरते, ३७ ही गेला. तेव्हा आवर्तन नेमकं नऊ अंकांचं. आणि मूळ संख्येने भागताना आवर्तनाची लांबी नेहमी त्या संख्येहून एकने लहान संख्येला निःशेष भागते (फर्माच्या प्रमेयातून हे येतं). म्हणून ‘प’ वजा १ ला ९ ने भाग जातो. ‘प’ विषम, म्हणून ‘प’ वजा १ सम. दोन्ही मिळून १८. थोडक्यात, ‘प’ ही १८ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून आलेली असली पाहिजे.

३७ तपासून झाली, तेव्हा ५७७ पर्यंत अशा सोळाच मूळ संख्या उरतात. भागाकार करा; बाक्या अशा येतील : १९ ने ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११, ५७७ ने १६१. शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि हे आपण अर्ध्या तासात हाताने सिद्ध केलं. मला या सगळ्या तपासणीत हीच पायरी सगळ्यात प्रिय आहे, कारण १०६ भागाकारांचं काम एका विचाराने सोळावर आलं.

आता संपूर्ण मांडणी : ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

विभाजक

घातांकांत एकेक मिळवून गुणाकार : ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विषम आले, वर्गाला तसेच यायला हवेत. सम आले असते तर कुठेतरी चुकलो असं समजायचं.

विभाजकांची बेरीज प्रत्येक मूळ अवयवासाठी वेगळी काढून गुणायची. ३ साठी १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. ३७ साठी १ + ३७ + १३६९ = १४०७. ३३३६६७ साठी १ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७. तिन्हींचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८. ही बेरीज संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून संख्या न्यून. (बरोबर तेवढी आली असती तर परिपूर्ण, जशी ६ = १ + २ + ३. जास्त आली असती तर विपुल, जशी १२.) एवढ्या मोठ्या गुणाकाराची खात्री नऊने करून घ्या : १२१ ची बाकी ४, १४०७ ची ३, तिसऱ्याची ३, गुणाकार ३६, बाकी शून्य. उत्तराच्या अंकांची बेरीज ९९, बाकी शून्य. जुळलं.

हर्षद आणि देवळाली

कापरेकरांनीच दिलेली आणखी दोन नावं इथे लावून पाहू. संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला तर ती हर्षद, आनंद देणारी. आपली बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे मघाशीच झालं. म्हणून हर्षद.

दुसरं नाव देवळाली संख्या. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या ‘जन्मते’ : २१ + ३ = २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला अशी जनक सापडतच नाही ती देवळाली संख्या, उदाहरणार्थ २०. आपल्या संख्येला जनक आहे का?

प्रत्येक संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते. म्हणून जनक अधिक तिची बेरीज म्हणजे नऊच्या हिशेबात जनकाची दुप्पट. आपल्या संख्येत बाकी शून्य, तेव्हा जनकाचीही बाकी शून्य आणि तिच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यातली. सतरा अंकी संख्येत ही बेरीज १५३ पर्यंतच जाऊ शकते, म्हणजे ३२१ मधून ती वजा करताना फक्त शेवटचे तीन अंक बदलतील. डावीकडचे १२३४५६७८९८७६५४ जसेच्या तसे राहतील. त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची बेरीज २७ पर्यंतच, म्हणून जनकाची एकूण बेरीज ७५ ते १०२ मध्ये : ८१, ९० किंवा ९९. ८१ वजा केले तर ३२१ चे २४० होतात, २ + ४ + ० = ६, आणि ७५ + ६ = ८१. जुळलं! ९० वजा केले तर २३१, ९९ वजा केले तर २२२; दोन्हींची बेरीज ६ च, तेव्हा ती जुळत नाहीत. जनक एकच : १२३४५६७८९८७६५४२४०. आपली संख्या देवळाली संख्या नाही.

एक काटकोन त्रिकोण

शेवटचा प्रश्न : ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ४ ने भागून बाकी १ उरते असे मूळ अवयव इथे उपयोगी पडतात. ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ आहे, ते उपयोगाचे नाहीत. ३७ ची बाकी १, तो उपयोगाचा : ३७ चा वर्ग = १२ चा वर्ग + ३५ चा वर्ग (१३६९ = १४४ + १२२५). आता १११११११११ ला ३७ ने भागा, ३००३००३ येतात. १२ आणि ३५ या दोघांना त्याने गुणा : ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १११११११११, आणि असा अवयव ३७ हा एकटाच असल्यामुळे पूर्णांकी बाजूंची दुसरी जोडी निघत नाही.

वहीचं नवं पान घ्या, दोन्ही वर्ग एकाखाली एक लिहा आणि उजवीकडून हातचे घेत बेरीज करत चला :

  १२९८५९५८९०५९३२९६
+ ११०४७०८३०९७०६१०२५
= १२३४५६७८९८७६५४३२१